गतदुष्काळांची फेरतपासणी

“जो पाऊस पडून गेला अगर पडावयाचा राहून गेला, त्याचा हिशेब आतां करून काय उपयोग?” असा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंकडून वारंवार ऐकूं येतो. प्रश्न व्यवहाराचा आहे व तो टाळण्याजोगा नाहीं. येत्या मृगांत तिफण केव्हां धरावी हें ज्यास ठरवावयाचें आहे, त्यास इ. स. १८७७ सालीं पाऊस कां गेला याची चर्चा रिकामपणाची वाटावी हें स्वाभाविक आहे. तथापि वातावरणाच्या गणिती प्रतिकृति संगणकावर चालवून मागील काळचें हवामान तपासण्याची जी विद्या गेल्या चाळीस वर्षांत वाढली आहे, तिच्याशीं शेतकऱ्याचा संबंध वाटतो त्यापेक्षां पुष्कळ निकटचा आहे, असें आमचें मत आहे. दुष्काळाचा दोष कोणाच्या माथीं मारावयाचा, सवलत कोणास द्यावयाची, विम्याची भरपाई कोणत्या आंकड्यावर ठरवावयाची व बांधबंदिस्तीवर पैसा खर्च करावयाचा कीं नाहीं, हे सारे प्रश्न शेवटीं याच हिशेबास येऊन भिडतात. म्हणून ही विद्या काय आहे, तिनें आजवर काय दाखविलें आहे, आणि तिचा शब्द कोठवर मानावा, याविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम ही प्रतिकृति म्हणजे काय तें पाहूं. हवेचा दाब, वारा, उष्णता व बाष्प यांचे जे नियम पदार्थविज्ञानानें ठरविले आहेत, ते समीकरणांच्या रूपानें मांडतां येतात. पृथ्वीभोंवतालच्या वातावरणाचे उभे-आडवे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यासाठीं हीं समीकरणें कांहीं मिनिटांच्या अंतरानें पुनःपुन्हां सोडवीत गेलें, म्हणजे वारे वाहूं लागतात, ढग धरतात व पाऊस पडतो. अर्थात् हें सारें आंकड्यांत. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें हा उद्योग संगणक नसतांना हातानें करून पाहिला व त्याचा वृत्तांत १९२२ सालीं ग्रंथरूपानें छापला. त्याच्या गणितांत सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढावा असें निघालें. प्रत्यक्षांत दाब जवळजवळ होता तेथेंच होता. उत्तर साफ चुकलें, पण मार्ग खरा होता. १९५० सालीं अमेरिकेंत ज्यूल चार्नी व त्याचे सहकारी यांनीं संगणकाच्या साह्यानें हवामानाचीं पहिलीं यशस्वी भाकितें काढलीं, आणि १९५६ सालीं नॉर्मन फिलिप्स यानें वातावरणाचें सबंध अभिसरण गणितानें चालवून दाखविलें. या मार्गावर पुढें ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या स्युकुरो मानाबे यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

येथें एक शंका निघते. दोन आठवड्यांपलीकडचें हवामान नेमकें सांगतां येत नाहीं, असें हवामानशास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. आरंभींच्या स्थितींत केसाएवढा फरक पडला तरी पुढें सारें चित्र पालटतें, हें एडवर्ड लोरेन्झ यानें १९६३ सालीं दाखविलें. मग दीडशें वर्षांपूर्वींच्या पावसाळ्याचें गणित तें कसें करावयाचें? याचें उत्तर असें कीं, रोजचा पाऊस व हंगामाचा पाऊस या दोन गोष्टी भिन्न आहेत. हवा चंचल आहे, पण समुद्र मंदगतीचा आहे. समुद्राचा पृष्ठभाग एकदां तापला कीं महिनोन् महिने तापलेला राहतो व वरच्या हवेस वळण लावतो. उष्ण कटिबंधांतील हंगामी पर्जन्य बऱ्याच अंशीं अशा संथ गोष्टींवर अवलंबून असावें, हा विचार चार्नी व आपले जगदीश शुक्ल यांनीं १९८१ सालीं मांडला. त्यावरून प्रयोगाची रीत निघाली ती अशी: जहाजांनीं व पुढें उपग्रहांनीं नोंदविलेलें समुद्राचें उष्णमान महिन्यागणिक प्रतिकृतीस द्यावयाचें, वातावरण मात्र तिचें तिनें काढावयाचें, आणि हा प्रयोग एकदां नव्हे, तर आरंभस्थितींत किंचित् फरक करून अनेक वेळां करावयाचा. सर्व आवृत्तींत जें समान निघेल तें समुद्राच्या खातीं. ज्यांत आवृत्तीगणिक फरक पडेल तें हवेच्या स्वच्छंदाच्या खातीं. अनेक राष्ट्रांच्या प्रतिकृति अशा रीतीनें १९७९ ते १९८८ या दहा वर्षांवर चालवून त्यांची तुलना करण्याचें मोठें काम त्या दशकाच्या अखेरीस हातीं घेण्यांत आलें. १९८७ चा दुष्काळ व १९८८ ची अतिवृष्टि हीं दोन्ही वर्षें त्यांत येतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दख्खनच्या मनांतून जो कधीं गेला नाहीं, त्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे वळूं. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, विजापूर या टापूंत १८७६ सालीं पाऊस गेला, आणि १८७७ सालीं तर हिंदुस्थानभर तूट पडली. १८७१ पासूनच्या अखिल भारतीय पर्जन्यमालिकेंत तें वर्ष अत्यंत वाईट वर्षांपैकीं एक आहे. त्याच काळांत चीन, ब्राझील व आफ्रिका या दूरदूरच्या देशांतहि दुष्काळ पडून जगभर पांच कोटींहून अधिक माणसें गेलीं असा अंदाज आहे. दीप्ति सिंह व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं या घटनेची फेरतपासणी प्रसिद्ध केली. जुन्या नोंदी व झाडांच्या वलयांवरून काढलेला पूर्वींचा अवर्षणाचा इतिहास यांच्या जोडीस त्यांनीं प्रतिकृतींच्या दोन मालिका घेतल्या. एकींत सर्व जगांतील समुद्रांचें उष्णमान दिलें, दुसरींत केवळ उष्णकटिबंधीय प्रशांत महासागराचें. दोहोंची तुलना करतां असें दिसलें कीं, बहुतेक प्रदेशांतील अवर्षण मुख्यतः प्रशांत महासागराच्या स्थितीमुळें आलें. तेथें १८७७–७८ सालीं एल निनो विक्रमी जोराचा होता. हिंदी महासागराच्या पश्चिम-पूर्व भागांतील उष्णतेचा विषमपणा व अटलांटिकचें तापणें यांनीं ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथील अवर्षण अधिक तीव्र व लांबट केलें. एका समुद्राचा वांटा दुसऱ्यापासून निराळा काढणें हें नुसत्या नोंदवह्यांवरून साधत नाहीं, कारण नोंदवहींत सर्व कारणें एकत्र मिसळून पडलेलीं असतात. प्रतिकृतीचा खरा उपयोग येथें आहे.

परंतु येथेंच एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. समुद्रानें पाऊस कां गेला हें सांगितलें. माणसें कां मेलीं हें सांगितलें नाहीं. त्या दुष्काळाच्या वर्षांतहि या देशांतून गहूं परदेशीं जात होता. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचें धान्य दिवसाला एक पौंडावर आणलें, आणि त्याविरुद्ध मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं लोकांच्या हलाखीची तपशीलवार हकीकत सरकारापुढें मांडली. दुष्काळ-आयोगाचा अहवाल १८८० सालीं आला व त्यावरून दुष्काळ-संहिता झाल्या, त्या अवर्षण व उपासमार या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें ओळखूनच झाल्या. उद्यां कोणी अधिकारी “हा सारा एल निनोचा खेळ आहे” असें म्हणून हात झटकूं लागला, तर शेतकऱ्यानें त्यास विचारावें कीं, समुद्राचा वांटा कळला, आतां तुमच्या खात्याचा वांटा सांगा. प्रतिकृतीच्या हिशेबानें हा प्रश्न बंद होत नाहीं, उलट अधिक नेमकेपणानें विचारतां येतो.

दोष-विभागणीचीं आणखी दोन उदाहरणें परदेशचीं आहेत, तीं शेतकऱ्यांनीं अवश्य जाणून घ्यावीं. आफ्रिकेंत सहाराच्या दक्षिण कडेला साहेल नांवाचा पट्टा आहे. तेथें १९७० च्या सुमारापासून दीर्घकाळ अवर्षण पडलें. गुराख्यांनीं अतिचराई करून जमीन उघडी पाडली, त्यामुळें ऊन परावर्तित होऊन पाऊस हटला, असा सिद्धांत वर सांगितलेल्या चार्नी यांनींच १९७५ सालीं मांडला होता. पुढें २००३ सालीं अलेस्सांद्रा ज्यान्निनी व सहकारी यांनीं १९३० ते २००० या काळांतील समुद्राचें उष्णमान तेवढें प्रतिकृतीस देऊन पाहिलें. तेव्हां साहेलांतील पावसाचा दीर्घ चढउतार प्रतिकृतींत आपोआप उमटला. जमिनीच्या स्थितीनें त्यांत भर घातली असेल, पण मूळ चाल समुद्राची होती. म्हणजे ज्या गरीब गुराख्यांस जगानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें होतें, त्यांच्यावरील मुख्य आरोप पुष्कळसा उतरला.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. अमेरिकेच्या मैदानी प्रांतांत १९३० नंतरच्या दशकांत मोठें अवर्षण पडून नांगरलेली माती वाऱ्यानें उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारीं धुळीच्या लोटानें दिवसा अंधार झाला. २००४ सालीं नासाच्या गॉडार्ड केंद्रांतील श्यूबर्ट प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्या काळचें समुद्राचें उष्णमान देऊन प्रतिकृति चालविली, तों प्रशांताचा उष्ण कटिबंधांतील भाग किंचित् थंड व अटलांटिक किंचित् उष्ण असल्यानें अवर्षण येतें असें निघालें. परंतु २००९ सालीं कुक, मिलर व सीगर यांनीं दाखविलें कीं, केवळ समुद्रावर सोडल्यास प्रतिकृतींतील अवर्षण प्रत्यक्षापेक्षां सौम्य व नैऋत्येकडे सरकलेलें राहतें. पिकें मरून उघडी पडलेली जमीन व हवेंत उडालेली धूळ हीं प्रतिकृतींत घातलीं, तेव्हां तें तीव्र झालें व आपल्या खऱ्या जागीं, म्हणजे मैदानांच्या मध्यावर आलें. तात्पर्य, अवर्षण समुद्रानें आणलें, पण त्यास तेवढें भयंकर रूप नांगरटीनें मोकळ्या झालेल्या मातीनें दिलें. त्याच १९३५ च्या एप्रिलांत अमेरिकेनें भूसंधारणाचा कायदा केला, तो योग्यच होता, असा दाखला सत्तर वर्षांनंतर गणितानें दिला.

अमेरिकेचें मैदान म्हणजे सोलापूरची काळी जमीन नव्हे, हें आम्ही जाणतों. तेथील निष्कर्ष जसाचा तसा येथें आणणें शहाणपणाचें होणार नाहीं. परंतु जमिनीची राखण हा अवर्षणाशीं असलेल्या झगड्याचा भाग आहे, केवळ नशिबावर सोडण्याचा विषय नाहीं, एवढें त्यावरून खास म्हणतां येतें. मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीन सुधारणा योजनांचा कायदा होऊन बांधबंदिस्तीस सरकारी आधार मिळाला. ते बांध आज किती गांवांत धड आहेत, हें ज्यानें त्यानें आपल्या शिवारांत फिरून पाहावें. आपल्या देशाच्या बाबतींतहि माणसाच्या हाताचा विचार सुटत नाहीं. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत १९५१ ते २०१५ या काळांत मोसमी पाऊस सुमारें शेंकडा ६ नें कमी झाल्याचें म्हटलें आहे, आणि गंगेचें मैदान व सह्याद्रि या भागांत ही घट विशेष आहे. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील कृष्णन् प्रभृतींच्या प्रतिकृति-प्रयोगांत या घटीमागें हवेंतील धूर व सूक्ष्म कण आणि जमिनीच्या वापरांतील बदल यांचा हात दिसतो.

इतकें गुणवर्णन झाल्यावर उणीव सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिली उणीव आपल्या डोंगराची. महाबळेश्वरास वर्षाकांठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून अवघ्या कांहीं कोसांवर, वाईकडे, तो ३० इंचांच्या आसपास येतो. ज्या प्रतिकृतीचा एकेक कप्पा शंभर-दोनशें किलोमीटरांचा आहे, तिला कोंकण, घाट, मावळ व देश हे सारे एकच. अशा कप्प्याचा सरासरी आंकडा माण किंवा खटाव तालुक्यांतील शेतकऱ्याच्या हातीं देणें म्हणजे सबंध पेठेच्या उलाढालीवरून एका दुकानदाराचा नफा ठरविण्यासारखें आहे. दुसरी उणीव मोसमी पावसाच्या स्वभावाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील सुलोचना गाडगीळ व साजनी यांनीं १९७९–८८ च्या तुलनेंतील प्रतिकृति तपासल्या, तेव्हां पावसाचा मुख्य पट्टा ऋतूबरोबर समुद्रावरून भूमीवर सरकतो ही प्राथमिक गोष्टहि कित्येक प्रतिकृतींस नीट साधली नव्हती, असें १९९८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. तिसरी उणीव रीतीचीच. समुद्राचें उष्णमान आयतें दिलें म्हणजे समुद्र हवेस हुकूम करतो, पण हवा समुद्रास कांहीं करीत नाहीं असें गृहीत धरल्यासारखें होतें. पावसाळ्यांत आपल्या समुद्रांवर ढग ऊन अडवितात व वारा पाणी घुसळून थंड करतो. तेथें पुष्कळदां हवाच समुद्रावर हुकमत चालविते. हें ध्यानांत न घेतल्यानें अशा प्रतिकृति आशियाच्या उन्हाळी मोसमी पावसांत फसतात, हें बिन वांग व सहकारी यांनीं २००५ सालीं दाखवून दिलें. म्हणून अलीकडे समुद्र व हवा यांची जोड-प्रतिकृति चालवितात. १९९७ सालीं शतकांतील अत्यंत प्रबळ एल निनो असतां देशाचा पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच झाला, आणि २००२ सालीं मध्यम एल निनोंत जुलैचा जवळजवळ निम्मा पाऊस बुडाला, हीं दोन वर्षें ज्यास आठवतात तो कोणत्याहि एका कारणावर आंधळा विश्वास टाकणार नाहीं.

मग खऱ्याखोट्याची पारख कशानें करावयाची? आमच्या मतें ती जुन्या नोंदवह्यांनींच होईल. २०११ साली गिल्बर्ट काँपो व अनेक देशांचे शास्त्रज्ञ यांनीं १८७१ पासूनच्या हवामानाची जी फेरमांडणी प्रसिद्ध केली, तींत पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या नोंदी व समुद्राची स्थिति एवढेंच प्रतिकृतीस दिलेलें आहे, आणि ५६ समांतर आवृत्ति चालविल्या आहेत. तालुक्याचा पाऊस तींत घातलेला नाहीं. म्हणूनच तालुक्याची पर्जन्यवही हा तिचा स्वतंत्र साक्षीदार ठरतो. आमची उमेद महसुली दप्तरांत गेली. रोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजून नोंद करावयाची, पूर्वीं इंच व सेंटांत, पुढें मिलिमीटरांत, हें काम क्षुल्लक मानलें जाई व क्षुल्लक पगाराच्या माणसांकडे असे. त्या नोंदी वाचण्यासहि जाणकार लागतो. कोरी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे, त्या दिवशीं मापक पाहिलेंच नाहीं असाहि तिचा अर्थ असूं शकतो, आणि हा भेद नकलून घेणारानें न पाळल्यास ओलें वर्ष कोरडें होऊन बसतें. पुण्याच्या संस्थेनें देशाची जी पर्जन्यमालिका तयार केली, ती अशाच ३०६ ठिकाणच्या मापकांवर उभी आहे. असें असतां एका कचेरींत जुन्या पर्जन्यवह्यांचे गठ्ठे गळक्या छपराखालीं वाळवीनें खाल्लेले आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. लक्षावधि रुपयांचा संगणक चालवावयाचा आणि त्याची परीक्षा घेणारा कागद वाळवीस घालावयाचा, ही कोणती काटकसर?

यास्तव आमच्या तीन मागण्या आहेत, व त्या सभासदांनीं आपापल्या तालुका शाखेंत ठरावरूपानें मांडाव्या अशी आमची विनंति आहे. पहिली, प्रत्येक तहसील कचेरींतील, पाटबंधारे खात्यांतील व जुन्या संस्थानी दप्तरांतील पर्जन्यवह्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं सर्वांस पाहावयास मोकळीं करावीं. कोऱ्या व शून्य नोंदी निराळ्या दाखवाव्या. दुसरी, फळपिकांच्या हवामानाधारित विम्यांत महसूल मंडळांतील केंद्राच्या नोंदीवर भरपाई ठरते, आणि २०१६ च्या दुष्काळ-व्यवस्थापन संहितेंत जमिनींतील ओल हाहि एक निर्देशांक आहे, जी पुष्कळ ठिकाणीं मोजली जात नसून गणितानें काढली जाते. तरी जेथें जेथें मोजलेल्या आंकड्याच्या जागीं काढलेला आंकडा वापरला जाईल, तेथें तसें स्पष्ट लिहावें व मापकाशीं ताडून पाहिल्याखेरीज कोणाचीहि भरपाई नाकारूं नये. तिसरी, प्रतिकृतीचा निष्कर्ष एका आंकड्यानें न सांगतां सर्व आवृत्तींच्या कमाल व किमान मर्यादेसह सांगावा. शेतकरी मर्यादा समजूं शकतो. बाजारांत तो दररोज तेंच करीत असतो.

राहिला प्रथमचा प्रश्न, कीं येत्या मृगास याचा काय उपयोग. आंध्रांतील अनंतपूर भागांत गाडगीळ व सहकारी यांनीं तेथील शेतकऱ्यांशीं बसून त्यांचे प्रश्न घेतले, आणि भुईमुगाच्या वाढीची गणिती प्रतिकृति मागील अनेक वर्षांच्या पावसावर चालवून, कोणत्या काळांत पेरल्यास उत्पन्नाचा धोका किती, हें तपासलें. पुढच्या वर्षाचा पाऊस त्यांतून कळला नाहीं. पण मागील सर्व वर्षांत कोणती पेरणी किती वेळां तरली असती हें कळलें, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास निर्णय करावयास याहून अधिक खात्रीचा आधार क्वचितच मिळतो. आपल्या ज्वारी, बाजरी व तुरीसाठीं, आपल्याच तालुक्यांच्या पर्जन्यवह्यांवर, असें काम आपल्या कृषि विद्यापीठांकडून करवून घेणें हें संस्थेच्या आवांक्यांतील आहे. त्यासाठीं लागणाऱ्या वह्या कोठें आहेत व कोणत्या स्थितींत आहेत याची यादी सभासदांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं संस्थेकडे पाठवावी. पुढील पत्रव्यवहार संस्थेनें करावा.